उंबरठ्याआतली शुश्रूषा

कर्नाटकाचे विधिमंडळ वर्षातून एकदा, बहुधा डिसेंबर महिन्यात, बंगळूरहून बेळगावास येते. २००६ मध्ये हा प्रघात पडला तेव्हा अधिवेशन एका शिक्षणसंस्थेच्या आवारात भरले होते. पुढे ११ ऑक्टोबर २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले आणि या वार्षिक वारीला कायमचा मुक्काम मिळाला. अधिवेशनाच्या त्या आठ-दहा दिवसांत बेळगाव शहराला जत्रेचे रूप येते. मोटारींचे ताफे, पोलिसांचे तंबू, ऊसदरासाठी मोर्चे, मराठी भाषकांच्या महामेळाव्यास परवानगी की बंदी याविषयीची ठरावीक रस्सीखेच, हे सारे यथासांग पार पडते. मग मंडळी परततात. सीमाप्रश्न जेथे होता तेथेच असतो, कारण तो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि न्यायालयाला अधिवेशनाची घाई नाही.

या गडबडीत ज्या माणसाला मोर्चात येता येत नाही, निवेदन देण्यासाठी रांगेत उभे राहता येत नाही, किंबहुना स्वतःच्या अंथरुणावरून उठताही येत नाही, त्याचा प्रश्न कामकाजाच्या यादीत फार खाली असतो. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला वृद्ध, सेरेब्रल पाल्सी असलेले मूल, पाठीच्या कण्याला इजा झाल्याने कमरेखाली निर्जीव झालेला तरुण, स्मृती हरवलेली आजी अशी माणसे निपाणीत आहेत, खानापुरात आहेत, बेळगावच्या गल्लीबोळांत आहेत, आणि आमच्या म्हापसा-मडगावच्या वाड्यांवरही आहेत. त्यांचे जग घराच्या एका खोलीएवढे. त्या खोलीत त्यांना उठवणारे, बसवणारे, न्हाऊ-माखू घालणारे जे हात असतात, ते कोणाचे असतात, शिकलेले असतात की नाही, आणि त्या हातांनी दुखापत केली तर दाद कोठे मागावयाची, याविषयी आपल्या देशाच्या कायद्याने अद्याप पुरते तोंड उघडलेले नाही.

तोंड उघडण्याचा एक प्रयत्न झाला होता. त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे, कारण संसदीय छाननी म्हणजे काय आणि ती कोठे संपते, हे त्यावरून नेमके कळते.

ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा मूळ कायदा २००७ चा. वृद्ध आईबापांना मुलांकडून पोटगी मिळवून देणारा कायदा म्हणून तो सर्वसामान्यांस ठाऊक आहे. त्यात दुरुस्ती करणारे विधेयक ११ डिसेंबर २०१९ रोजी लोकसभेत मांडले गेले. पोटगीची १०,००० रुपयांची कमाल मर्यादा काढून टाकावी, सून आणि जावई यांनाही जबाबदार धरावे, ऐंशी वर्षांवरील अर्जदारांचे अर्ज ६० दिवसांत निकाली काढावेत, अशी त्यातली कलमे वृत्तपत्रांनी ठळकपणे छापली. सून-जावयाचे कलम तर कित्येक घरांत चवीने चर्चिले गेले. परंतु त्याच विधेयकात एक शांत, फारसे कोणाच्या नजरेत न भरलेले कलम होते. शारीरिक वा मानसिक दौर्बल्यामुळे रोजचे व्यवहार स्वतः करू न शकणाऱ्या ज्येष्ठांना घरी येऊन सेवा देणाऱ्या ज्या संस्था आहेत, त्यांनी राज्य सरकारकडे नोंदणी करावी आणि ठरवून दिलेले किमान निकष पाळावेत, असे ते कलम. घरपोच शुश्रूषेच्या धंद्याला देशपातळीवर नियमांच्या चौकटीत आणण्याचा हा प्रयत्न आमच्या मते त्या विधेयकातील सर्वांत मोलाचा भाग होता.

विधेयक २३ डिसेंबर २०१९ रोजी सामाजिक न्याय व सक्षमीकरण खात्याच्या संसदीय स्थायी समितीकडे गेले. रमादेवी समितीच्या अध्यक्षा होत्या. मध्ये कोविडची साथ आली. घरात अडकून पडलेल्या वृद्धांची आणि अपंगांची शुश्रूषा म्हणजे काय असते, हे साऱ्या देशाने त्या काळात याचि डोळा पाहिले. तेरा महिन्यांनी, २९ जानेवारी २०२१ रोजी, समितीचा अहवाल सादर झाला. यानंतर विधेयक सभागृहात येऊन त्यावर चर्चा व्हावयाची. ती झाली नाही. तीन वर्षांहून अधिक काळ घोंगडे भिजत पडले आणि जून २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित होताच, घटनेच्या १०७ व्या अनुच्छेदानुसार, विधेयक व्यपगत झाले. समितीने कामात कसूर केली असे कोणी म्हणणार नाही. स्थायी समित्यांची सध्याची पद्धत १९९३ पासूनची आहे, आणि गोंगाटाच्या संसदेत विधेयकाची ओळ न् ओळ वाचली जाण्याचे हे एकच ठिकाण उरले आहे. पण समितीपाशी सल्ल्याचा अधिकार असतो, सरकारचा हात धरून त्याला सभागृहात आणण्याचा नसतो.

आणखी एक उणीव त्या कलमात होती, तीही येथे नोंदवली पाहिजे. ते कलम साठीच्या पुढील माणसांपुरते होते. मोटारसायकलच्या अपघातात मान मोडलेला तिशीतला तरुण, किंवा जन्मतः मतिमंद असलेली पंचविशीतली मुलगी ज्येष्ठ नागरिक नव्हे. तिच्या घरी येणारी बाई कोण, हे पाहण्याची तरतूद त्या विधेयकातही नव्हती.

यावर असे म्हणण्यात येईल की अपंगांसाठी २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. आहे, आणि तो चांगला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्याने ते २१ केले. नोकऱ्यांतील राखीव जागा ३ वरून ४ टक्क्यांवर नेल्या. १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आहे. त्याचे पाचवे कलम अपंग माणसाला समाजात राहण्याचा हक्क देते आणि त्यासाठी घरच्या घरी मिळणाऱ्या साहाय्याचा, व्यक्तिगत मदतनिसाचाही उल्लेख करते. चोविसाव्या कलमात, ज्यांना फार मोठ्या आधाराची गरज आहे अशांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद आहे. अडतिसावे कलम तर अशा माणसाने अर्ज करावा, मंडळाने त्याची गरज तपासावी आणि सरकारने त्याप्रमाणे साहाय्य द्यावे, अशी सर्व वाट आखून देते. त्या वाटेने चाललेला अर्जदार मात्र विरळा. आणि पन्नासाव्या कलमाने ज्या नोंदणीची सक्ती केली आहे, ती संस्थांची: वसतिगृहे, शाळा, आश्रम यांची. संस्थेला दार असते, पाटी असते, निरीक्षकाला तेथे जाता येते. घरी माणूस पाठवणाऱ्या एजन्सीपाशी पुष्कळदा एक टेबल, एक भ्रमणध्वनी आणि नावांची एक वही असते.

संस्थांचीही नोंदणी आणि पाहणी का हवी, हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. १९९४ च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद स्त्रियांवर ससून रुग्णालयात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि देशभर गदारोळ उठला. कारण काय देण्यात आले, तर त्या मुलींना मासिक पाळीची स्वच्छता राखता येत नाही. म्हणजे त्यांची स्वच्छता राखण्यास शिकलेली, पुरेशी माणसे वसतिगृहात नव्हती. माणसे नेमण्याऐवजी शस्त्रक्रिया स्वस्त ठरली. शुश्रूषेच्या अभावाची किंमत दुर्बलाने आपल्या देहाने कशी मोजावी लागते, याचे याहून विदारक उदाहरण आम्हांस आठवत नाही. २०१६ च्या कायद्याचे दहावे कलम, संमतीवाचून वंध्यत्व आणणाऱ्या उपचारांना मनाई करणारे, या पार्श्वभूमीवर वाचावे. पुढे ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. २०२४ च्या जुलैत राजधानी दिल्लीत, सरकारच्याच आशाकिरण या निवासगृहात एका महिन्यात डझनाहून अधिक मृत्यू झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा सरकारी गृहांच्या देशव्यापी पाहणीचे काम आठ राष्ट्रीय विधी विद्यापीठांवर सोपवले. जे काम निरीक्षकांनी नित्य करावयाचे, ते प्राध्यापक-विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याची पाळी न्यायालयावर यावी, यात निरीक्षणाच्या यंत्रणेविषयी पुरेसे सांगून झाले आहे.

पण संस्थेतला मृत्यू निदान मोजला जातो. घरातल्या खोलीत, कूस न बदलल्याने पाठीला पडलेल्या जखमा चिघळून जो जातो, त्याच्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद होते.

आता आमच्या गोमंतकीय वाचकांस प्रश्न पडेल की बेळगाव-निपाणीची ही चिंता आम्ही येथे बसून का करावी. भाजीची गाडी चोर्ला घाटातून एक दिवस आली नाही तर आपल्याला बेळगाव आठवते, हे खरे आहे. पण त्या घाटातून भाजीबरोबर माणसेही येतात. गोव्यातील कित्येक घरांत मुले परदेशी अथवा मुंबई-पुण्यास, आणि घरी आईवडील दोघेच, किंवा दोघांतले एकच, अशी स्थिती आहे. तेथे दिवसरात्र राहणारी बाई खानापूर, बेळगाव, चंदगड अशा घाटमाथ्यावरच्या गावांहून आलेली असते. तिला कोणी पाठवले, तिच्या पगारातून एजन्सीने किती कापून घेतले, तिला रात्री झोप मिळते की नाही, ज्या वृद्धेला ती उचलते ती कशी उचलावी हे तिला कोणी दाखवले आहे काय, हे मालक विचारत नाही आणि सरकारही विचारत नाही. एखादी चोरी झाली की मात्र पोलिस ठाण्यात तिचे नाव, गाव आणि छायाचित्र देण्याचा आग्रह सुरू होतो. तिच्यापाशी कौशल्य असावे ही अपेक्षा कायद्यात नाही. ती संशयित असावी ही अपेक्षा व्यवहारात पक्की आहे.

शिवाय या बाईचेही एक घर घाटावर असते. तेथेही एखादी अंथरुणावर पडलेली सासू असते, एखादे न चालणारे मूल असते. त्यांना शेजारणीच्या, नाहीतर दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या हवाली करून ती आमच्या आईवडिलांची सेवा करावयास येते. बेळगाव जिल्ह्यातील शुश्रूषा अशी घाट उतरून किनाऱ्यावर येते आणि तिकडे जी पोकळी राहते ती शाळा सुटलेल्या पोरीने भरून काढावयाची. हे आम्हांस रोज दिसते. दिसत असूनही आम्ही त्याला प्रश्न म्हणत नाही.

घर हे खाजगी ठिकाण आहे, तेथे कायद्याने कसे शिरावयाचे, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर निपाणीतच आहे. निपाणी म्हणजे तंबाखू. या गावाचे नाव दिल्लीपर्यंत पोचले ते १९८१ च्या आंदोलनाने. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूला रास्त भाव मागत शेतकरी महामार्गावर बसले आणि ६ एप्रिल १९८१ च्या गोळीबारात १२ शेतकरी प्राणास मुकले. त्याच निपाणीत हजारो स्त्रियांनी वखारींत तंबाखू निवडला आणि घरोघर सुपे मांडीवर घेऊन विड्या वळल्या. १९६६ मध्ये संसदेने विडी व सिगार कामगारांचा कायदा केला, तेव्हा ठेकेदाराकडून पाने-तंबाखू नेऊन घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही त्याने कामगार म्हटले. कारखानदार न्यायालयात गेले. घरात बसून काम करणारी ती कामगार कशी, असा त्यांचा सवाल होता. मंगळूरच्या गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. तो कायदा आता २०२० च्या संहितेत विलीन झाला असून ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली आहे. पण तत्त्व साठ वर्षे जुने आहे. विडीच्या सुपासाठी ज्या संसदेने घराचा उंबरठा ओलांडला, तिला आजाऱ्याच्या खाटेसाठी तो ओलांडता येऊ नये काय? आणि गंमत पाहा, तंबाखूच्या धुळीत आयुष्य घालवून आज दम्याने जर्जर झालेल्या त्याच बायकांना या शुश्रूषेची सर्वांत अधिक गरज आहे.

सीमाभागात या सर्वांवर आणखी एक थर चढतो, तो भाषेचा आणि हद्दीचा. निपाणीहून कागल अगदी जवळ. मध्ये कोगनोळीचा नाका. नाक्याच्या अलीकडे अपंग माणूस सरकारी कागदावर 'विकलचेतन' असतो, पलीकडे 'दिव्यांग'. पूर्वी आपण अपंग म्हणत होतो, मग विकलांग म्हणू लागलो, २०१६ पासून केंद्राने दिव्यांग हा शब्द सरकारी केला. (शब्द सुधारण्यास खर्च येत नाही म्हणून सरकारांना तो उद्योग आवडत असावा. अर्थात आमची भाषाही काही धुतल्या तांदळासारखी नाही. आंधळा, बहिरा, लंगडा यांची थट्टा करणाऱ्या म्हणी मराठीत पैशाला पासरी सापडतील.) महाराष्ट्राने २०२५ मध्ये संजय गांधी निराधार योजनेतील अपंगांचे मासिक साहाय्य १,५०० वरून २,५०० रुपयांवर नेले. निपाणीतल्या मराठी अपंगाला ते मिळणार नाही, कारण तो कर्नाटकाचा रहिवासी. कर्नाटकाच्या योजना त्याच्यासाठी आहेत, पण अर्ज कन्नडात, परिपत्रक कन्नडात, आणि बंगळूरहून आलेल्या पत्राचा अर्थ लावून घेण्यासाठी कोणाच्या तरी हातापाया पडणे आले.

२०२३ मध्ये महाराष्ट्राने ८६५ सीमागावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचे ठरवले तेव्हा बंगळूरने आकाशपाताळ एक केले. आमच्या राज्यात दुसऱ्या राज्याचा पैसा कशाला, हा त्यांचा मुद्दा. आमची माणसे आम्ही पाहू, हा मुंबईचा मुद्दा. दोन्ही बाजूंनी निवेदने निघाली. आम्ही त्या वादात आज शिरत नाही. मात्र ती योजना इस्पितळातील उपचारांची होती. शस्त्रक्रिया होऊन रुग्ण घरी आल्यावर पुढील दहा वर्षे त्याला कोण सांभाळणार, याविषयी ना मुंबई बोलत होती ना बंगळूर. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. या पाहुण्याला तर पानावर उठून बसण्यासाठीही आधार लागतो. आणि हद्दीच्या हिशेबात गोवाही मागे नाही, हे कबूल केले पाहिजे. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात २०१८ पासून परप्रांतीय रुग्णांना शुल्क लावले गेले, तेव्हा सीमेपलीकडल्या सिंधुदुर्गात केवढी नाराजी पसरली होती!

घटना या बाबतीत तितकी मूक नाही. ३५० वा अनुच्छेद सांगतो की तक्रारीच्या निवारणार्थ करावयाचे निवेदन राज्यात वा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकास हक्क आहे. जेथे भाषिक अल्पसंख्य १५ टक्के वा अधिक असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, हा संकेतही जुना आहे. मराठी कागदपत्रांची मागणी बेळगावात वर्षानुवर्षे चालू आहे आणि ती बहुधा अस्मितेची मागणी म्हणून ऐकली जाते. अपंगांच्या बाबतीत ती उपचाराची मागणी आहे. बोलण्यात अडथळा असलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला वाचा-उपचार द्यावयाचे तर घरात आई ज्या भाषेत त्याला हाक मारते त्याच भाषेत द्यावे लागतात. मराठी घरातल्या मुलाला कन्नडात आणि कन्नड घरातल्या मुलाला मराठीत शब्द शिकवू गेले तर दोन्ही बाजूंनी नुकसान मुलाचेच. सीमावादातील कोणत्याही पक्षाने हा मुद्दा हाती घेतलेला आम्ही पाहिला नाही. त्यात घोषणा होत नाही, हे त्याचे कारण असू शकेल.

सरकारांनी आखलेली हद्द माणसांनी मात्र आपल्या परीने पुसली आहे. नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात १९८४ मध्ये सुरू केलेली 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था या परिसरात सर्वांस ठाऊक आहे. ऐन तारुण्यात कमरेखालचा भाग निकामी झालेल्या या बाईंनी चाकाच्या खुर्चीवरून अपंगांसाठी वसतिगृह, शाळा, कार्यशाळा उभी केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांनी आपलेसे केले. सिंधुदुर्गात त्यांनी अपंगांच्या हातांनी चालणारा काजूप्रक्रियेचा उद्योग उभा केला. हे कार्य थोर आहे यात शंका नाही. परंतु थोर स्त्रीपुरुषांच्या भरवशावर सेवेची व्यवस्था चालत नाही. जेथे नसीमाताई नाहीत तेथे काय, हा प्रश्न उरतो आणि तो शासनाचा आहे.

मग शासन कोठले? येथे आम्ही पुन्हा सुवर्ण विधानसौधाकडे येतो. घटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीचा नववा विषय वाचावा: अपंग व काम करण्यास असमर्थ अशांना साहाय्य. हा विषय मुळात राज्यांचा आहे. सार्वजनिक आरोग्य आणि इस्पितळे हाही राज्यांचाच. संसदेने १९९५ आणि २०१६ चे कायदे केले ते आंतरराष्ट्रीय करारांच्या पूर्ततेसाठी. भारताने अपंगांच्या हक्कांच्या राष्ट्रसंघीय करारास १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली, त्यातून नवा कायदा आला. तेव्हा दिल्लीतील विधेयक व्यपगत झाले म्हणून बेळगावात जमणाऱ्या आमदारांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. घरपोच शुश्रूषा पुरवणाऱ्या एजन्सींची नोंदणी, मदतनिसांचे प्रशिक्षण, त्यांचे किमान वेतन व विश्रांती, आणि रुग्णाच्या तक्रारीची दाद एवढे चार विषय असलेला कायदा कर्नाटक उद्या करू शकते. गोव्याच्या विधानसभेलाही तो करता येईल. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्टिव्हल भरवून देशभरच्या अपंगांचे ज्या राज्याने कौतुकास्पद स्वागत केले, त्या राज्याला उत्सवाच्या पलीकडील हे काम अवघड वाटू नये.

शिवाय योगायोग असा की कर्नाटकातील हे खाते दोन वेळा याच सीमापट्ट्यातील लोकप्रतिनिधींकडे आले. निपाणीच्या आमदार शशिकला जोल्ले २०१९ ते २०२१ या काळात महिला-बालकल्याण आणि अपंग व ज्येष्ठ नागरिक सक्षमीकरण खात्याच्या मंत्री होत्या. नेमके तेव्हाच दिल्लीत ते विधेयक समितीपुढे होते. मे २०२३ मध्ये ते खाते बेळगाव ग्रामीणच्या आमदार लक्ष्मी हेब्बाळकर यांच्याकडे आले. एक भाजपच्या, दुसऱ्या काँग्रेसच्या. मतदारसंघातील गल्ल्या दोघींना पाठ असणार. अशा मंत्र्यांच्या खात्याकडून सीमाभागाने थोडी अधिक अपेक्षा केली तर ते अगोचरपणाचे ठरू नये.

कर्नाटकाने काही केले नाही असे आम्ही म्हणत नाही. ग्रामपंचायतीगणिक एक ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता आणि तालुक्याला एक बहुउद्देशीय कार्यकर्ता ही त्या राज्याची योजना इतर राज्यांनी हेवा करावा अशी आहे. हे कार्यकर्ते पुष्कळदा स्वतःच अपंग असतात आणि मानधनावर राबतात. सेरेब्रल पाल्सीसारख्या काही व्याधींच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठी महिना १,००० रुपयांचा भत्ताही अलीकडे त्या राज्याने जाहीर केला. केरळात अशा काळजीवाहूंसाठी 'आश्वासकिरणम्' योजनेखाली महिना ६०० रुपये ठरले आहेत. दिवसाला वीस रुपये! एका माणसाला दिवसरात्र उचलण्या-बसवण्याचे हे मोल वाचून कोणाला हसू येईल, कोणाला संताप. परंतु केरळची दुसरी गोष्ट अनुकरणीय आहे. २००८ मध्ये त्या राज्याने वेदनाशामक व सांत्वनपर उपचारांचे धोरण स्वीकारले आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणारी परिचारिका पंचायतीच्या व्यवस्थेत आणली. तिला रुग्ण ठाऊक असतो, त्याची पाठ ती पाहते, घरच्या बाईला कूस कशी बदलावी हे दाखवते. खर्च फार नाही. कर्नाटकातील पुनर्वसन कार्यकर्त्याच्या जोडीला अशी एक परिचारिका मिळाली तर निपाणी तालुक्यात सहा महिन्यांत फरक दिसेल, असे आम्ही खात्रीने म्हणू शकतो.

नियम केले की सारे सुरळीत होते, अशा भ्रमातही राहू नये. इंग्लंडात २००० च्या कायद्याने घरपोच सेवा देणाऱ्या एजन्सींना नोंदणी सक्तीची केली, २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन हे मंडळ त्यांच्यावर देखरेख करते. तरीही २०११ मध्ये ब्रिस्टलजवळील विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी इस्पितळात मतिमंद रुग्णांना मारहाण होत असल्याचे दूरचित्रवाणीच्या गुप्त चित्रणातून उघड झाले. तेथील एका परिचारकाने मंडळाला आधीच सावध केले होते आणि मंडळ झोपले होते. ११ कर्मचाऱ्यांना शिक्षा झाल्या. पण पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीने २०१२ मध्ये मंडळाच्या कारभाराची झडती घेतली आणि तीत जे दिसले ते छापून लोकांपुढे ठेवले. चूक करणाऱ्या निरीक्षकालाही जाब देण्याची जागा तेथे आहे.

आपल्या संसदेत जाब मागितला जात नाही असे नाही. उत्तर मिळत नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजनेचे उदाहरण घ्या. ८० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालील माणसाला केंद्राकडून महिन्याला ३०० रुपये मिळतात. हा आकडा २०१२ पासून हललेला नाही. तीनशे रुपयांत त्या काळी जे येत होते त्याच्या निम्मेही आज येत नाही. ग्रामविकास खात्याच्या स्थायी समितीने एकामागून एक अहवालांत ही रक्कम वाढवण्याची शिफारस केली. दर वेळी खात्याचे उत्तर छापून येते, समिती पुन्हा खेद नोंदवते, पुढील वर्षी तोच परिच्छेद थोड्या फरकाने अवतरतो. पालथ्या घड्यावर पाणी. अपंग सक्षमीकरण खात्याची साऱ्या देशासाठी २०२५-२६ ची तरतूद १,२७५ कोटी रुपयांची होती. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २.६८ कोटी भरली, कर्नाटकात १३ लाखांवर, गोव्यात ३३ हजार. तेव्हाही ती कमी मोजली गेली असे जाणकार म्हणत. भागाकार वाचकांनी स्वतः करून पाहावा. २०२१ ची जनगणना झालीच नाही, ती २०२७ वर गेली. तोवर पंधरा वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर योजना आखल्या जात आहेत. मधल्या काळात जन्मलेले न चालणारे मूल सरकारच्या हिशेबात अद्याप जन्मलेलेच नाही.

बेळगाव आणि चिकोडी या दोन्ही मतदारसंघांचे खासदार लोकसभेत आहेत; निपाणी चिकोडीत येते. गोव्याचेही दोन आहेत, कोल्हापूरचे आहेत. सीमाप्रश्नावर त्यांचे एकमत होणार नाही आणि तशी अपेक्षाही कोणी करीत नाही. परंतु २०१९ च्या विधेयकातील घरपोच शुश्रूषेचे कलम, वयाची अट काढून, नव्याने केव्हा आणणार, असा एक तारांकित प्रश्न या सर्वांना मिळून विचारता येईल. त्यासाठी कोणाला आपली भाषा सोडावी लागत नाही की हद्द. विधानसौधातही असाच एक प्रश्न येत्या अधिवेशनात लावता येईल: बेळगाव जिल्ह्यात २०१६ च्या कायद्याच्या अडतिसाव्या कलमाखाली आजवर किती अर्ज आले, किती मंजूर झाले, आणि त्यांपैकी किती मराठीत लिहिलेले होते.